सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया : कार्यक्रमाची आकडेवारी हाताळताना

सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात), थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनतं) आणि हिमोफिलिया (रक्त नीट गोठत नाही) अशा आनुवंशिक रक्तविकारांच्या कार्यक्रमात विश्लेषक म्हणून बसलात की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी विचारणार, "आपल्याकडे सिकलसेलचे किती?" लगेच आकडा देऊ नका. आधी विचारा, रुग्ण की वाहक? वाहकाकडे एस (म्हणजे सिकलसेलच्या) जनुकाची एकच प्रत असते आणि त्याला सहसा कुठल्याच औषधाची गरज पडत नाही. रुग्णाला आयुष्यभर उपचार लागतात. फाइलमध्ये 'सिकलसेल पॉझिटिव्ह' असा एकच रकाना असेल तर त्यात दोघेही आहेत असं धरून चाला. त्या रकान्यावरून औषधांची मागणी काढली तर ती काही पटींनी फुगते.

हाच घोळ रोगनिदानाच्या कोडमध्येही होतो. आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मध्ये डी५७.० म्हणजे वेदनेच्या झटक्यासह सिकलसेल आजार, डी५७.१ झटक्याविना, डी५७.२ दुहेरी प्रकार (एस सोबत दुसरं सदोष जनुक) आणि डी५७.३ म्हणजे निव्वळ वाहक. 'डी५७ ने सुरू होणारं सगळं' अशी क्वेरी लिहिली की वाहक आत आलेच. थॅलेसेमियात डी५६.१ हा बीटा थॅलेसेमिया, डी५६.३ वाहक. हिमोफिलिया ए साठी डी६६, बी साठी डी६७. वॉन विलब्रँड आजार (रक्त गोठण्याचाच आणखी एक विकार) डी६८.० मध्ये जातो. काही देशांच्या सुधारित आवृत्तीत एस-बीटा थॅलेसेमियाला (एक जनुक एस, दुसरं बीटा थॅलेसेमियाचं) डी५७.४ असा वेगळा कोड आहे, म्हणून आपल्या फाइलमध्ये कोणती आवृत्ती वापरली आहे ते आधी बघा.

एकदा कोड लागला म्हणजे रुग्ण झाला, असंही नाही. डॉक्टर शंका म्हणून तपासणी लिहितात, तपासणी नॉर्मल येते, पण कोड बिलावर राहून जातो. कामचलाऊ नियम असा : ५ वर्षांत वेगवेगळ्या तारखांना किमान ३ भेटींवर आजाराचा कोड असेल तर 'संभाव्य रुग्ण', प्रयोगशाळेचा निश्चिती अहवाल असेल तर 'निश्चित रुग्ण'. दोन्ही गट वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि अहवालातही वेगळेच छापा.

नवजात तपासणीची अक्षरं

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या सुकलेल्या ठिपक्याचा निकाल अक्षरांत येतो, आणि अक्षरांचा क्रम हाच अर्थ असतो. जे हिमोग्लोबिन जास्त ते आधी लिहितात. एफ म्हणजे गर्भ-हिमोग्लोबिन, ए म्हणजे नॉर्मल प्रौढ हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलसेलचं. 'एफए' म्हणजे नॉर्मल. 'एफएएस' म्हणजे वाहक. 'एफएसए' म्हणजे एस चं प्रमाण ए पेक्षा जास्त, म्हणजे बहुधा एस-बीटा-प्लस थॅलेसेमिया (बीटा जनुक थोडं काम करतं), म्हणजे रुग्ण. डेटा एंट्री करणाऱ्याचं बोट घसरून दोन अक्षरांची अदलाबदल झाली की रुग्ण बाळ वाहकांच्या यादीत जाऊन बसतं आणि त्याला कोणी बोलावतच नाही. म्हणून ही अक्षरं हाताने टाइप करू देऊ नका. यंत्रातून थेट घ्या किंवा ठरलेल्या पर्यायांची यादी द्या, आणि प्रत्येक 'एफएएस' ओळीपुढे ए आणि एस चे टक्के मागवा. एस जास्त निघाला तर ती ओळ लाल करा.

'एफएस' वाचून थेट 'एसएस' (एस जनुकाच्या दोन प्रती) लिहू नका. एस-बीटा-झिरो थॅलेसेमियातही (बीटा जनुक अजिबात काम करत नाही) हाच निकाल येतो आणि एस सोबत गर्भ-हिमोग्लोबिन टिकून राहणारा सौम्य प्रकार असला तरीही. निश्चिती होईपर्यंत जनुकप्रकाराच्या रकान्यात 'प्रलंबित' हवं. तो रकाना रिकामा सोडला की पुढचा माणूस त्याला 'निगेटिव्ह' समजतो.

तीन ठिकाणी निकाल हमखास फसतो. पहिलं, नमुना घेण्याआधी बाळाला रक्त चढवलेलं असणं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे नेहमीचं. दात्याचं ए हिमोग्लोबिन मिसळून आजार झाकला जातो, त्यामुळे रक्त चढवल्याची तारीख फॉर्मवर सक्तीची हवी आणि त्यानंतर साधारण १२० दिवसांनी फेरतपासणी. दुसरं, सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात एस हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी साधी चाचणी). ती वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात एस कमी असल्याने चुकून निगेटिव्ह येऊ शकते. त्या वयातले 'निगेटिव्ह' अंतिम धरूच नका. तिसरं, बीटा थॅलेसेमिया वाहक. त्यात हिमोग्लोबिन ए-२ (प्रौढ हिमोग्लोबिनचाच एक छोटा प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असतं, पण लोहाची कमतरता असेल तर ते खाली ओढलं जातं. सीमेवरच्या निकालांसाठी तिसरा गट करा, त्यांना हो किंवा नाहीत कोंबू नका.

एकच माणूस दोनदा

तपासणीच्या वेळी बाळाचं नाव ठेवलेलं नसतं. यादीत आईच्या नावापुढे 'बाळ' एवढंच असतं. चार महिन्यांनी तेच बाळ दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावाने येतं. नावावर जोडणी केली तर एक बाळ 'हरवलेलं' दिसेल आणि एक 'नवीन'. म्हणून जन्मतारीख, लिंग, आईचं नाव आणि आईचा नोंदणी क्रमांक यांवर जोडा. जुळ्यांसाठी जन्मक्रमाचा रकाना लागतोच, नाहीतर जुळी भावंडं डुप्लिकेट समजून एक ओळ पुसली जाते. जोडलेल्या ओळींपैकी ५० तरी दरवेळी डोळ्यांनी तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण नियमातली भोकं इथेच दिसतात.

यादी तयार झाली की तिची अक्कल तपासायला साधं गणित पुरतं. समजा १०,००० नवजातांत १,००० एस वाहक सापडले. हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राने (वाहकांच्या प्रमाणावरून जनुकाचं आणि रुग्णांचं प्रमाण काढणारं सूत्र) जनुकाचं प्रमाण सुमारे ०.०५३ येतं, त्याचा वर्ग केला की साधारण २८ 'एसएस' बाळं अपेक्षित. तुमच्या फाइलमध्ये ५ असतील तर निश्चितीच्या तपासण्या अडकल्या असाव्यात. ९० असतील तर वाहक मिसळले, डुप्लिकेट राहिले किंवा समाजात जवळच्या नात्यांत लग्नं होतात. प्रौढांच्या फाइलला हे सूत्र लावू नका, कारण काही रुग्ण त्या वयापर्यंत पोचलेलेच नसतात. हिमोफिलियात लिंगाचा रकाना बघा. आजार एक्स गुणसूत्रावरचा, त्यामुळे तीव्र प्रकाराच्या यादीत निम्म्या स्त्रिया दिसल्या तर कोड चुकलाय. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार जन्मतः दर १,००,००० मुलग्यांमागे हिमोफिलिया ए सुमारे २४.६ आणि बी ५. तुमच्या नोंदणीत हे गुणोत्तर पार उलटं असेल तर थांबा.

छेदात कोण?

निर्देशांक चुकतो तो बहुतेकदा छेदात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी घ्या. ती दरवर्षी २ ते १६ वयाच्या मुलांसाठी, 'एसएस' आणि एस-बीटा-झिरो प्रकारांत. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर पक्षाघाताचा धोका मोठा. छेदात 'एससी' (एस सोबत सी हिमोग्लोबिन असलेली) मुलं घातली की टक्का उगाच घसरतो. मृत्यू पावलेली किंवा गाव सोडून गेलेली मुलं राहिली तरी तेच. आधीच पक्षाघात झालेली मुलं वगळा, कारण त्यांचा उपचार ठरलेला असतो. वय कोणत्या तारखेचं, हेही व्याख्येत लिहा. वर्षाच्या मध्यावर १७ वर्षांचं झालेलं मूल आत की बाहेर, यावर दोन विश्लेषकांचे दोन आकडे येतात.

सिकलसेलच्या बाळांना संसर्ग टाळायला देतात त्या पेनिसिलिनचंही तसंच. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या बालकांत न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी आढळला, म्हणून दोन महिन्यांच्या आत सुरू करायचं. 'किती बाळांना दिलं' हे पुरेसं नाही. जन्मापासून पहिल्या डोसपर्यंतचे दिवस मोजा आणि ६० दिवसांनंतर सुरू झालेली बाळं नावानिशी वेगळी काढा. सरासरी काढू नका. एका बाळाला ४०० दिवस लागले की ती बिघडते, मध्यक घ्या.

हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचे झटके कमी करणारं रोजचं औषध) लिहून दिलं आणि घेतलं यांत अंतर आहे. औषध किती दिवस पुरेल इतकं उचललं ते मोजा. ३६५ पैकी २९२ दिवस म्हणजे ८० टक्के. लाल पेशींचा सरासरी आकार वाढलेला नसेल तर औषध घरात आहे, पोटात नाही अशी शंका घ्यायला हरकत नाही.

झटक्यांच्या दरात सगळ्यात जास्त गफलत होते. तीन रुग्ण घ्या. पहिला १२ महिने निरीक्षणाखाली, २ झटके. दुसरा ६ महिने, ३ झटके. तिसरा ३ महिने, १ झटका. झटके भागिले माणसं केलं तर २. प्रत्येकाचा वार्षिक दर काढून सरासरी घेतली तर ४. एकूण ६ झटके भागिले १.७५ व्यक्ती-वर्षं केलं तर ३.४. शेवटचं वापरा. त्याआधी ओळी एकत्र करा : रात्री ११ वाजता तातडीच्या विभागात आणि पहाटे वॉर्डात, हा एकच झटका. एका मुक्कामाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांत २४ तासांहून कमी अंतर असेल तर एकच घटना धरा. मॉडेल बसवताना पॉयसन (घटनांच्या मोजणीचं साधं सांख्यिकी मॉडेल) सहसा अपुरं पडतं, कारण थोड्याच रुग्णांकडे बहुतेक झटके असतात. निगेटिव्ह बायनॉमियल (रुग्णा-रुग्णातला असा फरक सामावून घेणारं मॉडेल) वापरून बघा.

थॅलेसेमियाच्या फाइलमध्ये एककं बघा. हिमोग्लोबिनच्या एकाच रकान्यात ९.५ आणि ९५ दिसले तर एका प्रयोगशाळेने डेसिलिटरमागे आणि दुसरीने लिटरमागे ग्रॅम लिहिलेत. फेरिटिनच्या (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणाऱ्या तपासणीच्या) एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, साध्या तापातही ते उसळतं. वर्षभरातल्या निदान तीन-चार नोंदींचा कल घ्या.

'कार्यक्रमात आल्यावर झटके निम्मे झाले' असं वाक्य अहवालात घालायचा मोह आवरा. रुग्ण नाव नोंदवतो तो बहुतेकदा वाईट वर्षानंतर. पुढचं वर्ष आपसूक बरं जातं. त्याच काळातला, नाव न नोंदवलेल्या सारख्याच रुग्णांचा गट शेजारी ठेवा. तसा गट मिळत नसेल तर नोंदणीआधीची किमान दोन वर्षं घ्या.

अहवाल बाहेर पाठवण्याआधी छोटे आकडे झाका. लहान वस्तीच्या तक्त्यात '२ वाहक' छापलं तर घरं ओळखू येतात आणि त्या घरच्या मुलींची लग्नं अडतात. ५ पेक्षा कमी असेल तिथे '५ हून कमी' लिहा, आणि तुमच्या संस्थेची मर्यादा याहून मोठी असेल तर ती पाळा. पण ओळीची बेरीज तशीच ठेवून एकच चौकट झाकली तर वजाबाकी करून ती कोणालाही काढता येते. त्याच ओळीतली आणि त्याच रकान्यातली आणखी एकेक चौकट, आणि त्या दोन्हींना जोडणारी चौथी चौकटही झाका, किंवा वयोगटच मोठे करा.