बेंचवरून गोळ्या उभ्या रेषेत पडत होत्या: माझा अनुभव

पॉइंट टू टू (.२२ बोअरची) रायफल, लक्ष्य ५० मीटरवर, रायफल नेमबाजीच्या टेबलावर (बेंचवर) नीट टेकवलेली. तरी गोळ्या एकाखाली एक. आडवा फरक जवळजवळ नाहीच. स्कोपचे (नेमाच्या दुर्बिणीचे) स्क्रू आवळले, नळी साफ केली, काडतुसं बदलली. महिनाभर नुसती चिडचिड.

चूक टेकूत होती: पुढची वाळूची पिशवी नळीखाली होती. ती मागे सरकवून दस्त्याच्या (नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो त्या भागाच्या) पुढच्या भागाखाली घेतली, नळी पूर्ण मोकळी. मग दुसरी पिशवी दस्त्याच्या मागच्या टोकाखाली. रिकाम्या रायफलने नेम धरला, डोळे मिटून श्वास सोडला, डोळे उघडले तर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून घसरलेला! तो परत आणायला खांद्याने रेटायचं नाही, पिशव्याच हलवायच्या. नेमाच्या उंचीतला बारीक फरक मागची पिशवी डाव्या मुठीत दाबून. गाल दर वेळी त्याच जागी (माझं हेच सर्वांत उशिरा सुधारलं). ट्रिगर सरळ मागे, गोळी सुटल्यावरही सेकंदभर तसंच स्थिर. आता पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातात.