वनस्पती-अर्काच्या क्रीम-जेलची चाचणी : प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाचा अनुभव

एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी मी हळदीच्या अर्काचे जेल निवडले, तेव्हा जेल तयार करणे हेच खरे काम आहे आणि चाचण्या म्हणजे त्यानंतर भरायचा तक्ता आहे, अशी माझी समजूत होती. पहिल्याच बॅचने ती खोटी ठरवली. कार्बोपॉल ९४० ही जेल बनवणारी पूड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी त्यात अर्क मिसळला आणि जेल घट्ट व्हावे म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन हे अल्कधर्मी द्रव्य थेंबाथेंबाने घालण्याऐवजी मी ते अंदाजाने ओतले. पिवळेधमक मिश्रण पाहता पाहता तांबूस झाले. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो, हे घरात लहानपणापासून पाहिलेले होते. तरीही तीच रासायनिक क्रिया आपल्या बीकरमध्ये घडत आहे, हे गाईड मॅडमनी दाखवून दिल्यावरच माझ्या लक्षात आले.

या घटनेपासून सामूचे (pH) मापन मला औपचारिक वाटेनासे झाले. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ४.५ ते ६ असतो, आणि हळदीतील करक्युमिन या पिवळ्या घटकालाही आम्लधर्मी परिसरच मानवतो. त्यामुळे पुढच्या सर्व बॅचेसमध्ये ५.५च्या आसपास थांबायचे, असे आम्ही ठरवले. भारतीय मानक आयएस ६६०८ त्वचेच्या क्रीमसाठी ४ ते ९ इतका रुंद सामू मान्य करते. मात्र मानकात बसणारे प्रत्येक क्रीम आपल्या अर्काला सोसेलच असे नाही, हे नवख्याने आधीच समजून घ्यावे. मापनाच्या वेळी क्रीमचा तेलकट थर इलेक्ट्रोडवर चिकटून बसतो आणि पुढची वाचने हळूहळू भरकटतात, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर इलेक्ट्रोड नीट धुवावा आणि मीटर रोज ४ आणि ७ सामूच्या बफरवर, म्हणजे सामू ठरलेल्या द्रावणांवर, तपासावा.

त्याआधीची एक पायरी अनेक जण शेवटी उरकतात आणि मग अडकतात. वनस्पती ओळखून घेतल्याचे प्रमाणपत्र अर्क काढण्यापूर्वी मिळवावे. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत त्यासाठी नमुना देता येतो. बाजारातून आणलेली पूड घेऊन ओळख पटवायला गेलात तर उपयोग होत नाही; पाने-फुलांसह वाळवलेला नमुना लागतो आणि फुलांचा हंगाम आपल्या सत्राच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही.

चिकटपणा मोजण्याच्या ब्रुकफिल्ड यंत्राजवळ माझा बराच वेळ गेला. नुसता सेंटिपॉइज या चिकटपणाच्या एककातला आकडा वहीत लिहून काहीच साधत नाही, कारण जेल जितक्या वेगाने ढवळावे तितके ते पातळ वागते. जेलमध्ये फिरणाऱ्या दांडीचा म्हणजे स्पिंडलचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग, तापमान आणि टॉर्कची (पिळाच्या जोराची) टक्केवारी या चारही गोष्टी शेजारी लिहिल्या नाहीत, तर पुढच्या महिन्यातले वाचन आधीच्या वाचनाशी ताडून पाहता येत नाही. कोरफडीवर काम करणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीचे जेल रस मिसळताच पातळ झाले, तेव्हा तिने कार्बोपॉल निकृष्ट असल्याचे अनुमान काढले. खरे कारण रसातील क्षार होते. क्षारांच्या सान्निध्यात कार्बोपॉलचे फुगलेले जाळे आक्रसते आणि अर्क जितका जास्त तितके जेल सैल पडते. तिने पुढे बेस, म्हणजे अर्क ज्यात मिसळतात ते मूळ जेल, बदलला.

पसरण्याची क्षमता मोजण्यासाठी बहुतेक महाविद्यालयांत दोन काचपट्ट्यांची साधी जुळणी वापरतात आणि वजन गुणिले लांबी भागिले वेळ असे सूत्र लावतात. या चाचणीकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. वजन आणि पट्टी बदलली की उत्तर बदलते, म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातील आकड्याशी तुलना न करता आपल्याच बॅचेस एकमेकींशी ताडाव्यात.

माझी सर्वांत मोठी फसगत फ्रान्झ डिफ्यूजन सेल या मध्ये पडदा असलेल्या दोन कप्प्यांच्या उपकरणात झाली. पडद्यातून किती औषध पलीकडे जाते हे पाहण्यासाठी मी पडद्यापलीकडच्या ग्राहक कप्प्यात ७.४ सामूचा फॉस्फेट बफर भरला, कारण उपलब्ध प्रबंधांत तसेच लिहिलेले होते. सहा तासांनी जवळजवळ काहीच मिळाले नाही आणि जेलमधून औषध सुटतच नाही, असा निष्कर्ष मी मसुद्यात लिहूनही टाकला. वस्तुस्थिती वेगळी होती. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि त्या सामूच्या साध्या बफरमध्ये त्याचे विघटन काही मिनिटांतच सुरू होते. म्हणजे जे थोडेफार पलीकडे पोहोचत होते तेही मोजण्याआधीच नष्ट होत होते. सामू खाली आणून माध्यमात थोडे इथेनॉल घातल्यावर वाचने येऊ लागली. आपला घटक त्या माध्यमात किती विरघळतो आणि किती वेळ टिकतो, हे दोन छोटे प्रयोग आधी केले असते तर माझे तीन आठवडे वाचले असते. पडद्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडाही असाच फसवतो. सेल तिरका करून तो काढावा लागतो.

घटकाचे प्रमाण मी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रावर मिथेनॉलमध्ये सुमारे ४२५ नॅनोमीटरला मोजत होते. ते वाचन एकट्या करक्युमिनचे नसून त्याच्या दोन भावंडांसह एकूण करक्युमिनॉइड्सचे असते, आणि अहवालात तसेच लिहावे. अर्क न घातलेला बेस त्याच पद्धतीने मिथेनॉलमध्ये काढून कोरा नमुना म्हणून ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे.

हाच कोरा बेस सूक्ष्मजीवांच्या चाचणीत माझ्या कामी आला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू वाढवलेल्या अगर प्लेटवर जेलच्या विहिरीभोवती छान स्वच्छ वलय दिसले आणि मी आनंदाने मोजपट्टी लावली; शेजारच्या विहिरीत ठेवलेल्या बेसभोवतीही तितकेच वलय होते. ते यश हळदीचे नसून परिरक्षक म्हणून घातलेल्या मिथाइल पॅराबेनचे होते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : पाण्यात न विरघळणारा घटक अगरमध्ये फारसा पसरत नाही, म्हणून लहान वलय म्हणजे निष्प्रभ अर्क असेही म्हणता येत नाही. अशा वेळी द्रवमाध्यमात किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढणे अधिक प्रामाणिक ठरते.

त्वचेवरील चाचणीबाबत मी केलेली चूक कोणी करू नये. वसतिगृहातील चार मैत्रिणींच्या हातांवर जेल लावून मी ‘दाह नाही’ असे लिहिले, आणि नीतिसमितीची लेखी परवानगी नसल्यामुळे ते संपूर्ण प्रकरण मला प्रबंधातून काढावे लागले. जुन्या प्रबंधांत सशांवरील चाचण्या आढळतात. परंतु सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे त्या पद्धती उतरवून घेऊ नयेत. आपले उत्पादन प्रसाधन आहे की रोगावरचे औषध, हे त्यावरील दाव्यावरून ठरते आणि परवानग्याही त्यानुसार बदलतात.

स्थिरतेची चाचणी सर्वांत आधी योजावी. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला पूर्ण अभ्यास सहा महिन्यांचा असतो. विद्यार्थी बहुधा तीन महिन्यांवर थांबतात, पण तेवढेही मिळण्यासाठी अंतिम बॅच लवकर पक्की व्हावी लागते. नमुने ज्या डबीत विकले जाणार त्याच प्रकारच्या डबीत ठेवावेत. मी काही नमुने पारदर्शक बाटल्यांत भरून टेबलावर आणि काही ॲल्युमिनियमच्या नळ्यांत ठेवले होते. महिन्याभरात टेबलावरचे जेल फिकटले आणि नळीतले पिवळेच राहिले. प्रकाशाचा परिणाम तपासायचा असा माझा मूळ हेतू नव्हता, पण व्हायवामध्ये बाह्य परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न याच दोन नमुन्यांवर विचारले.