जेवणातला मासा कुत्र्याला घालताना या चुका टाळा

कोकणात घरी मासे शिजले की दारातला कुत्रा उपाशी राहत नाही. डोकं, काटे, उरलेल्या आमटीत कालवलेला भात, सगळं त्याच्या थाळीत. मासा त्याला चांगलाच मानवतो. बाधतं ते बहुतेक वेळा माशासोबत गेलेलं.

आमटीभात ही मला सगळ्यात घातक सवय वाटते. वाटपातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि भाजून, शिजवूनही त्याचा हा गुण जात नाही. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमही पुरे. लसूण त्याहून तीव्र. रोज थोडं थोडं घातलं तरी बाधतं. त्रास काही दिवसांनी दिसत असल्याने आमटीवर संशयच जात नाही. आमचा टिपू निपचित पडला, हिरड्या पांढुरक्या झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी. आणि मी उन्हाला दोष देत दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्या.

उपाय सोपा आहे. मीठ-हळद लावण्याआधीच साफ केलेले दोन तुकडे बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडा, काटे बोटांनी चाचपून काढा आणि भातात कुस्करा. कोळंबीही चालते, सोलून. कच्चे पेडवे-तारली मात्र रोज घालू नका. त्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो, शिजवल्यावर तो जातो.

काटा, कुर्लीचा नांगा किंवा तिसरीची शिंपली अडकली की कुत्रा तोंडावर पंजा मारतो, लाळ गाळतो, ढास लागते. अशा वेळी आपल्यासारखा त्याला भाताचा गोळा किंवा केळं भरवू नका, उलटीही करवू नका. टोक आणखी रुततं. गळ गिळला असेल तर बाहेर लोंबणारी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढू नका.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा खारा बांगडा निघतो. तो देऊच नये. मिठाने उलट्या, सारखी तहान, पुढे झटकेही येतात. उन्हात राहिलेला ताजा बांगडाही नको: त्यात तयार झालेलं हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य शिजवून जात नाही.

आणि किनाऱ्यावर फिरवताना पट्टा सोडू नका. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातून निघालेला, कुणालाच नको असलेला केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) वाळूत पडलेला असतो. त्याच्या विषावर उतारा नाही आणि ते श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. कुत्र्याने तोंड घातल्याची शंका जरी आली, तरी पाय लटपटण्याची वाट न पाहता त्याला उचला आणि दवाखाना गाठा. वेळेवर पोचलात तर श्वासाला आधार देऊन विष उतरेपर्यंत त्याला जगवता येतं.