आंब्याचा भिरूड, काजूचा रोठा: भुसा कुठं पडलाय ते आधी बघा

परतीचा पाऊस उघडला की आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या बागायतदारांनी एक फेरी फक्त बुंध्याकडं बघत मारावी. मोहोरावरच्या तुडतुड्यांची काळजी सगळेच करतात, पण उभं झाड वाळवणारे भिरूड आणि रोठा खोडात असतात. दोन्ही लांब मिशांच्या भुंग्यांच्या अळ्या, दोन्ही भुसा टाकतात. त्यामुळं मिश्र बागेत आंब्याचा उपाय काजूलाही केला जातो आणि काजू हातचा जातो.

भिरूड आंब्याच्या लाकडात खोल शिरतो. खोडावर किंवा जाड फांदीवर स्पष्ट छिद्र दिसतं, त्यातून जाडसर, तुसासारखा भुसा आणि चीक येतो. इथं तार चालते. छिद्र साफ करा, तार आत फिरवून अळी मारा, पेट्रोलचा बोळा घालून चिखलानं बंद करा. आठवड्यानं ताजा भुसा दिसला तर पुन्हा करा. त्यासाठी पूर्वी सर्रास वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस २०२० अखेरपासून बंद आहे. दुकानात कुणी पुढं केलं तरी घेऊ नका.

रोठ्याचं तसं नाही. तो काजूच्या सालीखाली आडवातिडवा पोखरत खाली मुळांकडं जातो. छिद्र नीट सापडतच नाही. बुंध्याशी मातीलगत तांबूस भुसा आणि डिंक दिसतो, तेवढीच खूण. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पटाशीनं पोखरलेली साल हळू तासा, भुसा जाईल त्या दिशेनं मुळापर्यंत जा, अळ्या वेचून मारा. चांगल्या सालीला पटाशी लागू देऊ नका. मग जखमेवर लावायचं औषध आणि त्याचं प्रमाण कृषी सहायकाला किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेरातली साल गेली असेल तर ते झाड वाचत नाही. जीवावर येतं, पण मुळासकट काढा. आणि कळकळीनं सांगतो, ते लाकूड सरपण म्हणून बांधावर रचू नका. आत चुन्यासारख्या पांढऱ्या कवचात कोष असतात. जानेवारीपासून मेपर्यंत त्यातून भुंगे निघून शेजारच्या झाडांवर अंडी घालतात. लाकूड लगेच जाळा.

निरोगी काजूला डिसेंबरअखेर बुंध्यावर एक मीटरपर्यंत आणि उघड्या मुळांना कडुनिंबाचं तेल चोळा: लिटरभर पाण्यात ५० मिली, थोडा साबण घालून.