खानापूरच्या डोंगरात मुलाबाळांसह जाण्याची तयारी

बेळगावहून घरच्या सगळ्यांना घेऊन डोंगर चढायचा बेत ठरला की कागदावर सर्वांत आधी दोन नावे लिहावीत: सोबत येणाऱ्यांत सर्वांत लहान कोण आणि सर्वांत दुखऱ्या गुडघ्याचे कोण. पुढची सगळी यादी, म्हणजे अंतर, वेळ, पाणी, डबा, बूट आणि परतीचा मुहूर्त, या दोघांच्या मानाने ठरवायची असते. जो चौदा वर्षांचा मुलगा पुढे धावत सुटतो, त्याच्या मानाने आखलेली सहल सहा वर्षांच्या बहिणीला आणि साठीच्या आजीला उतरतीच्या वाटेवर रडवते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

जागा निवडताना घाई करू नये. अगदी पहिल्या खेपेला येळ्ळूरचा राजहंसगड पुरे, कारण तेथे गाडीरस्ता जवळपास माथ्यापर्यंत जातो, वर सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि कोणाचा पाय मुरगळलाच तर अर्ध्या तासात शहर गाठता येते. दोन-तीनदा अशी चाल झाल्यावर खानापूर तालुक्यातल्या जांबोटी आणि कणकुंबीकडे वळावे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवर पडलेले पावसाचे पाणी दोन समुद्रांकडे वाटले जाते, ही गोष्ट मुलांना घरी नकाशा पसरून आधीच दाखवावी, म्हणजे तेथे पोहोचल्यावर ती स्वतःच उतार कुठल्या दिशेला आहे ते शोधू लागतात.

भीमगडची गोष्ट वेगळी आहे. सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा परिसर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला असल्याने आत जाण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, आणि ती निघण्याच्या दिवशी नाक्यावर मिळेल अशा भरवशावर मुलांना घेऊन निघू नये. पुरेसे दिवस हाताशी ठेवून चौकशी करावी, कोणती वाट सध्या खुली आहे ते विचारावे, परवान्याची छापील प्रत आणि मोठ्यांची ओळखपत्रे एकाच पिशवीत ठेवावीत, आणि वाटाड्या मिळत असेल तर तो घ्यावाच. या जंगलात बारापेडे गुहा आहेत. रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळे कित्येक वर्षे जगात केवळ येथेच सापडतात असे मानले जात होते. मुलांना ही माहिती जरूर सांगावी, पण गुहा पाहण्याचे वचन देऊ नये, कारण तेथील शांतता त्या जिवांसाठी राखलेली आहे.

ऋतूच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन खानापूरच्या पश्चिमेकडील रानात शिरू नये. कणकुंबीच्या बाजूला पाऊस मुसळधार असतो, घोट्याएवढा ओढा तासाभरात कमरेएवढा होतो, आणि धबधब्यांच्या माथ्यावरचा शेवाळलेला खडक मोठ्या माणसालाही उभे राहू देत नाही. दसऱ्यानंतर पाऊस सरला की फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. त्या दिवसांतही ओढा ओलांडताना पाणी सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर तेथूनच मागे फिरावे.

वेळेचा हिशेब असा मांडावा. सहा-सात वर्षांचे मूल चढाच्या वाटेवर, थांबे धरून, तासाला दीड किलोमीटर चालले तरी पुष्कळ. त्यामुळे जाऊन-येऊन सहा किलोमीटरला चार तास लागतात, आणि त्यात जेवणाचा व खेळण्याचा एक तास मिळवावा लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, परंतु दाट झाडीत आणि खोऱ्यात पाचपासूनच वाट अंधुक होते. म्हणून सकाळी सात-साडेसातला चालू लागावे आणि परत फिरण्याची वेळ, समजा साडेअकरा, कागदावर लिहून ठेवावी. माथा समोर दिसत असला तरी ती वेळ झाली की फिरावे. रुसणाऱ्या मुलांपेक्षा मोठेच या ठिकाणी जास्त हट्ट करतात.

बुटांविषयी थोडे विस्ताराने लिहिते. नवे बूट निघण्याच्या दिवशी प्रथम घालू नयेत. किमान दोन आठवडे शाळेत, बाजारात आणि जिन्यावर ते वापरून झालेले असावेत, आणि उतरताना बोटे पुढे टेकत नाहीत ना, हे घरच्या जिन्यावर पाहून घ्यावे. तितकाच धोका जुन्या, ठेवणीतल्या बुटांचा आहे. एका डिसेंबरात मी माळ्यावरून काढलेले, वरून अगदी धड दिसणारे बूट घालून निघाले आणि ओढ्यापाशी दगडावर पाय ठेवताच उजव्या बुटाचा तळवा पुढून उघडला. आतला थर पिवळट भुकटी होऊन खडकावर सांडला. असे तळवे नुसते पडून राहिले तरी हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात, हे मला नंतर कळले. डब्याच्या गाठोड्याची दोरी काढून तो बूट पायाला तीन वेढ्यांनी बांधला आणि तसेच पाय ओढत आम्ही परत आलो. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या शनिवारी घरातला प्रत्येक बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहायचा, हा आमचा नेम आहे, आणि दोन हात लांबीची मजबूत दोरी पिशवीत कायमची आहे.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती आणि फिकट रंगाचे असावेत व पँटचे पाय मोज्यांत खोचलेले असावेत. याचे मुख्य कारण गोचीड आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात, विशेषतः शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत, माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात असतो, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या दिवसांत. फिकट कपड्यावर बारीक गोचीड चटकन दिसते. पालापाचोळ्यावर सरळ बसू नये, त्यासाठी एक जाड चादर घ्यावी. मेलेले माकड दिसले तर मुलांना लांब ठेवून गावात किंवा वनरक्षकाला कळवावे. चिकटलेली गोचीड तेल लावून वा चटका देऊन काढू नये. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. दसऱ्याच्या आसपास वाट ओली असेल तर जळवा लागतील. त्यांनी मुले घाबरतात, पण अपाय फारसा नसतो, नखाने कडेने सरकवून काढाव्यात.

पाणी मोठ्यांना प्रत्येकी दोन लिटर आणि मुलांना एक लिटर घरूनच न्यावे. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पुडी किती पाण्यात मिसळायची ते पुडीवर वाचून घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. डब्यात दशम्या, दाण्याची चटणी, केळी आणि भडंग असावे. कुंदा गाडीतच ठेवावा, हात चिकट झाले की मधमाश्या घोंगावतात. आग्या मोहोळ या डोंगरांत कड्याकपारींना आणि उंच झाडांना लटकलेले असते. त्याखाली मोठ्याने बोलू नये, धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये, आणि माश्या उठल्याच तर तोंड-डोके कापडाने झाकून लहानांना उचलून लांब पळावे.

औषधांच्या डबीत रोजच्या गोळ्या, पट्ट्या, जंतुनाशक, कापूस आणि चिमटा एवढे पुरे. सर्पदंशाचे मात्र सगळ्यांनी आधी पाठ करून ठेवावे: आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, चावलेला भाग हलू न देता माणसाला शक्यतो उचलून गाडीपर्यंत न्यावे आणि थेट सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी इस्पितळात पोहोचावे. हे इस्पितळ कोणते, ते निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले असावे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, परंतु जांबोटीच्या पुढे मोबाईलला रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि वाट, माणसांची संख्या व परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी शेजारी देऊन जावे.

या भागातील गावांत मराठी सहज चालते; वाट चुकल्यासारखी वाटली तर ‘मामा, ही वाट देवळाकडेच जाते ना?’ असे विचारायला संकोच करू नये. पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, आणि मुलांना दोन शब्द डोळ्यांनी ओळखता यावेत: ‘अपाय’ म्हणजे धोका, आणि ‘प्रवेश निषेधिसिदे’ म्हणजे आत जाण्यास मनाई. आमच्या मुलीने हे दोन्ही वहीत कन्नड अक्षरांत पाच-पाच वेळा गिरवले होते, आणि गर्द झाडीत अर्धवट झाकलेली पाटी आम्हा मोठ्यांआधी तिनेच वाचली.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी आणि चुकल्यास जागा न सोडता तीनदा वाजवायची, हे त्याला घरी करून दाखवावे. एक मोठा माणूस पुढे, एक सर्वांत मागे. गवा दिसला तर थांबावे, मुलांना मागे घ्यावे आणि त्याला वाट देत हळूहळू मागे सरावे. एकटा नर अधिक तापट असतो. शौचासाठी ओढ्यापासून पुष्कळ दूर खड्डा करता येईल अशी लहान खुरपी घ्यावी, आणि वापरलेले पॅड व लहानग्यांचे लंगोट बंद पिशवीत परत आणावेत.

घरी आल्यावर चिठ्ठी दिलेल्या शेजाऱ्यांना आधी सांगावे, मग कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत आणि मुलांना आंघोळ घालताना कानांमागे, काखेत, बेंबीपाशी आणि केसांच्या मुळाशी बोटे फिरवून पाहावे. कॅलेंडरवर त्या दिवसापासून पुढच्या आठ दिवसांवर पेन्सिलीने रेघ ओढावी. त्या काळात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आम्ही रानात जाऊन आलो आहोत.