अभ्यासिकेची फी भरण्याआधी गावातलं वाचनालय बघा

स्पर्धा परीक्षा म्हटली की पुण्याला जायचं, पेठेत कॉट बेसिसवर जागा बघायची आणि अभ्यासिकेची फी भरायची, हे जणू ठरूनच गेलंय. माझी बरीचशी तयारी तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात बसून झाली. त्यामुळे कोणी सल्ला विचारायला आलं की मी आधी एवढंच विचारतो, तुमच्या गावातल्या वाचनालयात कधी आत गेलात का? बहुतेकांनी बाहेरची पाटी तेवढी वाचलेली असते.

राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांहून जास्त आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदान त्यानुसार मिळतं. आपल्या गावचं कोणत्या वर्गातलं आहे हे आधी विचारून घ्या. ‘ड’ वर्गात पेपर, मासिकं आणि बसायला बाक मिळाला तरी पुष्कळ. ‘अ’ वर्ग किंवा जिल्ह्याचं शासकीय ग्रंथालय असेल तर इंटरनेटची चौकशी नक्की करा. काही ठिकाणी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या मदतीतून कॉम्प्युटर आलेले असतात आणि कोणी मागत नाही म्हणून कव्हर घालून ठेवलेले असतात. मागा. लाजू नका.

मोबाइलवर नेट असताना कॉम्प्युटर कशाला, असं वाटेल. एकदा लोकसेवा आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरतालिका शेजारी शेजारी उघडून बसा, म्हणजे कळेल. दोन्ही आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बालभारतीची पुस्तकं आणि मराठी विश्वकोशही तसाच. पायाभूत वाचनाचा मोठा भाग यातच उरकतो, मग क्लासच्या जाडजूड नोट्स घ्यायच्या की नाही ते ठरवा. (माझं मत विचाराल तर निम्म्या नको.)

अर्ज भरायलाही हीच जागा बरी. फोटो आणि सही ठरलेल्या मापात स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवा, ओटीपी येणारा मोबाइल सोबत असू द्या. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी साइट रडते आणि पैसे अडकतात. उठण्याआधी लॉगआउट करा आणि डाउनलोड केलेली कागदपत्रं पुसून टाका. तुमच्यामागून बसणाऱ्याला तुमचं आधार कार्ड दिसायला नको.

ग्रंथपालांशी ओळख करून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. पेपर वाचायला सहसा सभासदत्व लागत नाही, पण थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद झालात की पुस्तकं घरी नेता येतात. शिवाय पुस्तक खरेदीच्या वेळी तुमची यादी विचारात घेतली जाते. आम्ही चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिला, तेव्हा अर्थशास्त्राची नवी आवृत्ती आली आणि वाचनालय संध्याकाळी थोडं उशिरापर्यंत उघडं राहायला लागलं. तोंडी विनंती विसरली जाते. अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत वाचावा लागतो.

अडचणीही आहेत. दुपारी कुलूप असतं, वीज गेली की नेट जातं आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का ते आधीच बघावं लागतं. मुलाखतीच्या तयारीसाठी मला शेवटी पुण्याला जावंच लागलं, कारण समोर बसून उलटसुलट प्रश्न विचारणारं गावात कोणी नव्हतं. पण पूर्व आणि मुख्य परीक्षेच्या तयारीचा खर्च वाचला होता, म्हणून तेवढे महिने तिथे राहणं परवडलं.