कॅनडातल्या लहान गावातून नोकरी आली? आधी गाव तपासा

टोरंटोबद्दल नागपुरात दहा जण सांगतील. ऑन्टारियो प्रांतातल्या एलियट लेकबद्दल सांगणारं कोणी भेटत नाही. ते स्वतःच शोधावं लागतं, पण एका रविवारी जमतं. शोधायचं एवढंच: गाव कोणाच्या पगारावर जगतं, आणि तो पगार आधी कधी बंद पडला होता का?

सुरुवात स्टॅटिस्टिक्स कॅनडा या सरकारी आकडेवारी संस्थेच्या ‘सेन्सस प्रोफाइल’पासून, म्हणजे गावाच्या जनगणनेच्या पानापासून करा, पैसे लागत नाहीत. एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या, तर ‘सेन्सस सबडिव्हिजन’ घ्या. ती नगरपालिकेची हद्द. ‘डिव्हिजन’ म्हणजे साधारण आपला जिल्हा. या दोन्हींचे आकडे मिसळले की पुढचा सगळा हिशेब फसतो. नावापुढच्या ‘सिटी’वरही जाऊ नका. एलियट लेक कागदोपत्री सिटी आहे, वस्ती जेमतेम अकरा हजार.

त्या गावाची लोकसंख्या २०१६ ला १०,७४१ होती, २०२१ ला ११,३७२. वाढ दिसली म्हणून खूश होण्याआधी त्याच पानावर वयोगट आणि उद्योगनिहाय नोकऱ्या बघा, मग इतिहास लावा. युरेनियमसाठी १९५५ च्या सुमारास जंगलात आखून वसवलेलं हे गाव. मोठं गिऱ्हाईक अमेरिका. १९५९ मध्ये तिने करार पुढे न वाढवायचं ठरवलं आणि घरं ओस पडली. नंतर वीजनिर्मितीच्या मागणीवर खाणी पुन्हा चालल्या, त्याही १९९० ते १९९६ दरम्यान बंद झाल्या. रिकामी घरं मग स्वस्तात निवृत्त लोकांना दिली गेली. अशी वाढ पेन्शनवरची असते. कामं निघतात ती दवाखान्यात, दुकानांत, म्हाताऱ्यांच्या देखभालीत. एम्प्रेस मिल बंद झालेली पाहिलेल्या नागपूरकराला यातलं अर्धं न सांगताच कळेल.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना २०११ जपून वापरा. त्या वर्षी जनगणनेसोबतचा सविस्तर फॉर्म ऐच्छिक होता, त्यामुळे लहान गावांचे नोकरी-उत्पन्नाचे आकडे कच्चे आहेत. लहान आकडे मुद्दाम ५ च्या पटीत वर-खाली करून दिलेलेही असतात. ‘खाणकाम १५’ पुढच्या वेळी ‘१०’ झालं, तर त्यावरून मंदीचा निष्कर्ष काढू नये.

ऑन्टारियोतली प्रत्येक नगरपालिका दरवर्षी ‘फायनान्शियल इन्फर्मेशन रिटर्न’ (जमाखर्चाचं विवरण) भरते, तेही ऑनलाइन मिळतं. घरांचा कर किती आणि कारखान्यांचा किती, हे त्यात पाहा. जवळजवळ सगळा भार घरांवर असेल, तर नोकऱ्या देणारा मोठा मालक गावात उरलेला नाही असं धरायला हरकत नाही.

उरलेलं गावच्या वाचनालयाला विचारा. आधी ईमेल, मग फोन: तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हटलं तर माहितीपत्रक हाती येईल. त्यापेक्षा सर्वांत मोठा मालक कोण होता, तो कोणत्या साली गेला आणि त्या वर्षीचं स्थानिक वर्तमानपत्र मायक्रोफिल्मवर आहे का, एवढंच विचारा.